अमजदच्या कपाटातली जपानी बस

माणसाला वेड कशाचं लागावं याला काही धरबंध नाही. कुणाला पत्त्यांचं, कुणाला भजनाचं, कुणाला शेजारच्या घरात आज काय शिजलं याचं. नवीन पनवेलजवळच्या विचुंब्याच्या कुमार घरतला लागलं ते पत्र्याच्या खेळण्यातल्या बसचं. आणि आताच्या प्लास्टिकच्या नव्हेत हां, त्यांना तो हातसुद्धा लावत नाही. त्याला पाहिजेत त्या साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या, पातळ पत्र्यावर रंगीत चित्रं छापून वाकवलेल्या. खिडक्यांतून छापील माणसं बाहेर बघतायत, ड्रायव्हरला मिशा आहेत, आणि जमिनीवर घासून सोडली की घुर्रकन पळते, अशा.

कुमार मूळचा पळस्प्याचा. गोव्याचा रस्ता फुटतो तिथेच घर, त्यामुळे पाळण्यात होता तेव्हापासून कानात हॉर्न. बापाची भातशेती, पण खेळण्याबिळण्यांचे लाड त्या घरात कुणी केले नाहीत. पोरगा ओल्या मातीची बस करायचा, तिला सोड्याच्या बाटलीची बुचं चाकं म्हणून लावायचा आणि तोंडाने आवाज काढत अंगणभर फिरवायचा. दुपारच्या उन्हात बस तडकायची. मग हा भोकाड पसरायचा आणि आई पाठीत धपाटा घालायची, गावातली माती काय संपली का रे म्हणून.

मोठा झाला तो थेट एसटीत ड्रायव्हर. पनवेल डेपो. पहिली पत्र्याची बस त्याला सापडली उरणच्या एका भंगारवाल्याकडे, रद्दीच्या ढिगात नाक खुपसून पडलेली. त्यानंतर गडी सुटलाच! जिथे ड्यूटी तिथे शोध. बाकीचे ड्रायव्हर स्टँडवर चहा मारत बसायचे तेव्हा हा जुन्या बाजारात फिरायचा. पनवेलात जुनी घरं पाडून बिल्डिंगा उठायला लागल्या तेव्हा तर त्याने कुणाचे माळे सोडले नाहीत. रंग उडाला असेल तर उडू दे, पण वरून ब्रश फिरवायचा नाही, हा त्याचा कायदा. मोडलं असेल तर मोडलेलं ठेवायचं, पण खोटं करायचं नाही.

त्याची बायको शशिकला. तोंडाने फटकळ, मनाने लोणी. ती म्हणायची, "दिवसभर मोठी बस, घरी आलं की बारकी बस. मग मी मधी कोण? स्टॉप?" विचुंब्याच्या नव्या फ्लॅटमध्ये तिने हौसेने काचेचं शोकेस करून घेतलं, डिनर सेट मांडायला. आता त्यात वरपासून खालपर्यंत बस उभ्या आहेत आणि डिनर सेट खोक्यासकट पलंगाखाली. पाहुणे आले की ती सांगते, "आमच्याकडं जेवायला ताटं नायत, पण गाड्या टायमावर हायत."

या सगळ्या बसमध्ये एक नव्हती. ती होती अमजदच्या कपाटात.

अमजद नाखवा म्हणजे कुमारचा कंडक्टर. एकाच गाडीवर दोघांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. अलिबागचा रस्ता म्हणू नका, महाडचा म्हणू नका, कुमारच्या हातात स्टेअरिंग आणि मागे अमजदची घंटी. एकाच्या डब्यातली भाकरी, दुसऱ्याच्या डब्यातलं कालवण. भांडणंही तशीच, अगदी नवरा-बायकोसारखी. एकदा आठवडाभर दोघं बोलले नव्हते, नुसत्या घंटीवर गाडी चालवली.

अमजदचा बाप बोटीवर खलाशी होता. त्याने जपानहून पोरासाठी एक बस आणली होती. खाली हिरवी, वर साईच्या रंगाची. एका खिडकीत रिबीन बांधलेली मुलगी, दुसऱ्या खिडकीत टोपीवाला म्हातारा. अशी बस कुमारने पुन्हा कुठेही पाहिली नाही. अमजदला काही खेळण्यांचं वेड नव्हतं, पण बापाची ती एवढी एकच वस्तू. जुन्या पनवेलातल्या मोहल्ल्यातल्या घरी, काचेच्या कपाटात, मधल्या खणात ती कायम उभी. ईदला कुमार जायचा, शीरखुर्मा खायचा आणि डोळे सगळे कपाटाकडे. मग अमजद हसायचा आणि डेपोच्या कँटीनमध्ये ऐकवायचा तेच ऐकवायचा:

"मी मेल्यावर ने. तवर बघून घे."

हे वाक्य इतक्या वेळा बोललं गेलं होतं की डेपोतल्या झाडूवाल्यापासून सगळ्यांना पाठ होतं. कुणी त्यात वावगं पाहिलं नाही. धडधाकट माणसाच्या तोंडी मरणसुद्धा चेष्टाच असते.

आणि मग यंदा गणपती उठले न उठले तोच अमजदला पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. हॉस्पिटलात डोळे उघडे ठेवून पडून होता, पण ओळख कुणाची नाही. बायको समोर बसलेली, तर तिच्या आरपार भिंतीकडे बघायचा. डॉक्टरांनी आडून आडून सांगितलं, मनाची तयारी ठेवा. कुमार रोज जायचा. उशाशी उभा राहून अलिबागच्या रस्त्यावरचे थांबे ओळीने म्हणायचा, म्हटलं कंडक्टरच्या डोक्यात तेच पहिलं जागं होईल. कसलं काय! पापणीसुद्धा हलत नव्हती.

अशात एक दिवस फहमिदाभाभी, म्हणजे अमजदची बायको, स्वतः रिक्षा करून विचुंब्याला आली. चेहरा ओढलेला. ओढणीत काहीतरी गुंडाळलेलं. पाणीसुद्धा न घेता तिने गाठ सोडली. ती बस होती.

"कुमारभाऊ, ही ठेवा."

"भाभी, हे काय? असं नका करू!"

"ते बोलले होते. दहा लोकांदेखत बोलले होते. आता... जे व्हायचं ते झालं की घरात माणसं येतील. पोरं येतील. कोण काय उचलेल, कोण काय फोडेल. मला तेव्हा कुठं भान असणार? त्यांची जबान खाली पडायला नको."

"अवो भाभी, पण तो अजून..."

तोंड नको म्हणत होतं आणि हात पुढे झाले होते. बस हातात आली. वजन काय होतं तिचं, काहीच नाही, एका पावाएवढं. आणि खरं तेच सांगायचं तर त्या क्षणी कुमारला आनंद झाला. एका पळाचा का होईना, पण झाला. चाळीस वर्षं जी बघत आलो ती आपल्या हातात! दुसऱ्याच पळाला त्याची त्यालाच शिसारी आली. मित्र तिकडे मरणाच्या दारात आणि आपण इकडे चाकं बघतोय!

त्याने ती शोकेसमध्ये ठेवली नाही. शशिकलाच्या लोखंडी कपाटात, साड्यांच्या मागे ठेवली. आणि त्या दिवसापासून त्याने हॉस्पिटलात जाणं सोडलं. गुडघा दुखतोय म्हणाला. गुडघा कसला दुखतोय! अमजदसमोर उभं राहायची हिंमत होत नव्हती. फोन वाजला की शशिकलाच उचलायची. शेवटी निरोप आला की हॉस्पिटलवाले म्हणतात आता इथे ठेवून काही करण्यासारखं नाही, घरी न्या. दसऱ्याच्या दुपारी घरी आणणार. घरी न्या याचा अर्थ पनवेलात काय सगळ्या जगात एकच होतो.

दसरा उजाडला.

आता इथे कुमारची एक खोड सांगायला पाहिजे. डेपोत दसऱ्याला गाड्यांची पूजा व्हायची. झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ आणि प्रत्येक चाकाखाली एक लिंबू. ड्रायव्हर गाडीत बसून गाडी पुढे घेणार, लिंबं चिरडणार, वर्षभराची इडापिडा गेली. कुमार रिटायर झाला, मोठी गाडी सुटली, पण ही पूजा सुटली नाही. दर दसऱ्याला तो शोकेसमधल्या सगळ्या बस पाटावर ओळीने लावतो. कुंकू लावतो, झेंडूची एकेक पाकळी ठेवतो, आणि एका बसच्या पुढच्या चाकाखाली छोटंसं लिंबू ठेवून वरून हाताने दाबतो. लिंबू फक्त एकाच बसला, जी त्या वर्षी नवी आली तिला. बाजारात खास बारीक लिंबं शोधत फिरतो म्हणून भाजीवाले त्याला हसतात.

यंदा त्याने पाट मांडला. सगळ्या बस लागल्या. मग तो उठला, लोखंडी कपाट उघडलं आणि साड्यांच्या मागून अमजदची बस काढली.

"अवो," शशिकला दारातून म्हणाली, "तिची पूजा तुमी नका करू. तिचा मालक हाय अजून."

"घरात आलेली गाडी सणाच्या दिवशी बिनपूजेची ठेवू? पाहुणा आला तर त्याला उपाशी ठेवतेस का तू?"

"पाहुण्याला जेवाया घालतात. पाहुण्याला घरजावई नाय करून घेत."

"तू गप गं!"

चूक झाली ती इथे. आणि ती चूक कुमारला कळत होती, म्हणून तर आवाज चढला. डेपोचा कायदाच असा होता की गाडी ज्याच्या चार्जमध्ये, नारळ त्याचाच. आजारी रजेवर गेलेल्या ड्रायव्हरच्या गाडीचं लिंबू दुसरा कुणी चिरडत नसे. तो येईपर्यंत गाडी तशीच उभी. पण कुमारच्या हाताने तोपर्यंत साईच्या रंगाच्या टपावर ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं होतं. पुढच्या चाकाखाली लिंबू गेलं. त्याने तळवा टपावर ठेवला आणि दाबला.

कट्!

लिंबू शाबूत राहिलं. चाक निखळून पाटावरून गडगडत भिंतीला लागलं. चाकाचा दांडा ज्या पत्र्याच्या कानात अडकवलेला होता तो कानच मुळातून तुटला. इतक्या वर्षांचा पत्रा, आतून गंजून पापडासारखा झालेला, तो काय दाब सोसणार? बस एका अंगावर कलंडली. रिबीनवाली मुलगी जमिनीकडे बघायला लागली.

आणि फोन वाजला.

कुमार जागचा हलला नाही. शशिकलानेही उचलला नाही. दसरा, चिरडायला घेतलेलं लिंबू, तुटलेलं चाक आणि फोन. यातून जो अर्थ निघायचा तो दोघांच्याही मनात निघून बसला होता. वाजून वाजून फोन थांबला. पुन्हा वाजला.

"मी मारला त्याला," कुमार म्हणाला. "शशे, मी मारला."

"काय बी बोलू नका!" म्हणत तिनेच फोन उचलला आणि त्याच्या कानाला लावला.

पलीकडे फहमिदाभाभी रडत होती. नुसती रडत होती, शब्द फुटत नव्हता. कुमारने डोळे मिटले.

"कुमारभाऊ... ओळखलं त्यांनी मला. आता, सकाळी. हात धरला माझा. फहमी म्हणाले!"

कुमारला पहिल्यांदा कळलंच नाही. कळलं तेव्हा तो पाटाशेजारी मटकन बसला.

"भाभी, खरं?"

"अल्लाची मेहरबानी, भाऊ! डॉक्टरपण चाट पडले. पण ऐका, ऐका आधी. दुसरा शब्द काय बोलले ठाऊक आहे? बस. डाव्या हाताने अशी खूण करतात, कपाट उघड म्हणून. घरी गेल्यावर पहिलं तेच मागणार. दुपारी आणतोय आम्ही. त्यांच्या आधी ती जागेवर पाहिजे, कुमारभाऊ. त्यांना कळलं ना, की त्यांचा श्वास चालू असताना मी त्यांचं सामान वाटलं..." तिचा आवाज तुटला. "माझ्याकडे बघणार नाहीत ते पुन्हा. आणि बघायला नकोच. मी तशीच वागले."

"तुमी नाय भाभी. आपण दोघं," कुमार म्हणाला. "मी ठेवतो. तुमी काळजी करू नका."

फोन ठेवला आणि त्याने पाटाकडे पाहिलं. काळजी करू नका म्हणे!

आधी कुंकू. खोबरेल तेलात कापूस बुडवून त्याने टप पुसला. कुंकू निघालं, पण साईच्या रंगावर गुलाबी डाग राहिला तो राहिलाच. जोर लावला तर रंग निघेल, म्हणून हात आखडला. मग चाक. कथलाचा डाग देऊन जोडायचं म्हटलं तर गरम होऊन छापील माणसं जळणार. चिकटवायचं म्हटलं तर वाळायला वेळ नाही. शेवटी जुन्या वायरमधली तांब्याची बारीक तार काढली आणि आतल्या बाजूने दांडा बांधला. ज्या हातांनी खंडाळ्याच्या घाटात भरलेली गाडी सांभाळली त्या हातांना केसाएवढ्या तारेची गाठ तीनदा मारावी लागली. शशिकला टॉर्च धरून बसली. एरवी जिचं तोंड क्षणभर मिटत नाही ती अवाक्षर बोलली नाही. कुमारला तेच जास्त लागलं.

बस उभी राहिली. हात लावला नाही तर राहील, लावला तर देव जाणे. टॉवेलात गुंडाळून त्याने ती पिशवीत ठेवली आणि रिक्षा पकडली.

दसऱ्याच्या दिवशी नवीन पनवेलातून जुन्या पनवेलात जायचं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. पुलावर गाड्याच गाड्या. रस्त्याच्या दोन्ही कडांना झेंडूचे ढीग, आपट्याच्या पानांच्या जुड्या, त्यात नव्या मोटारी हार घालून मधोमध उभ्या. एका मोटारीच्या चारी चाकांखाली लिंबं, मालक फोटो काढतोय, बायको नारळ घेऊन उभी, आणि मागे सगळी वाहतूक खोळंबलेली. रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला तर मालक म्हणतो, "अहो, शुभ काम चाललंय!" कुमारने मांडीवरच्या पिशवीला दोन्ही हातांनी धरलं होतं. प्रत्येक खड्ड्याला तो स्वतः उचलला जायचा, पण पिशवी हलू द्यायचा नाही.

"काका, आत अंडी आहेत का?" रिक्षावाल्याने विचारलं.

"तू समोर बघून चालव रे बाबा," कुमार म्हणाला.

मोहल्ल्यात पोचला तर अमजदच्या घरात बायकाच बायका. कुणी पलंगावर चादर घालतंय, कुणी फरशी पुसतंय. खुशखबर सगळ्यांना पोचली होती, चुलीवर काहीतरी गोड चढलं होतं. "या कुमारभाई, तुमचा दोस्त परत येतोय!" म्हणत एकीने खुर्ची पुढे केली. बसायचं तर कपाटाकडे पाठ. कुमारने खोकल्याचं निमित्त केलं, पाणी मागितलं, ती आत वळली, बाकीच्या आपापल्या कामात होत्या, आणि त्याने कपाट उघडलं. मधल्या खणात धुळीमध्ये बसएवढी चौकोनी जागा कोरी होती. त्या कोऱ्या जागेवर त्याने बस अलगद टेकवली, डागाची बाजू मागे केली, काच सरकवली. पाणी आलं तेव्हा तो घामाने निथळत होता.

"तब्येत बरी आहे ना तुमची?"

"हाय, हाय. ऊन फार हाय आज," तो म्हणाला.

थोड्याच वेळात गाडी दाराशी लागली. चौघांनी खुर्चीत बसवून अमजदला आत आणलं. केवढा दांडगा माणूस, पार चिपाड झाला होता. तोंडाची उजवी बाजू ओघळलेली. पण डोळे! डोळे अमजदचे होते. दाराशी त्याने कुमारला पाहिलं आणि डाव्या भुवईने विचारलं, कुठे मेला होतास इतके दिवस? कुमारने गुडघ्याकडे बोट दाखवलं. खोटं दाखवलं.

पलंगावर टेकवल्या टेकवल्या अमजदचा डावा हात उठला. कपाट.

"आधी दोन घोट चहा घ्या," फहमिदा म्हणाली. "मग देते."

हात खाली गेला नाही.

"थकाल ना. संध्याकाळी बघा."

"ब... स," अमजद म्हणाला. बायकांनी तोंडाला पदर लावले. कुणाच्या डोळ्यांत पाणी, कुणी हसतंय. त्या एका शब्दाचं केवढं कौतुक! फहमिदाने कुमारकडे पाहिलं. कुमार उठला. दहा पावलांचं अंतर नसेल, पण घाट उतरल्यासारखा जपून गेला. बस काढली, अमजदच्या डाव्या हातात दिली, आणि स्वतःचा हात खाली आधाराला धरून ठेवला.

अमजदने मनगटानेच त्याचा हात दूर केला. आणि लहानपणापासून करायचा तेच केलं. बस पलंगाच्या लाकडी कडेवर टेकवून पुढे घासली, घुर्र आवाज ऐकायला.

तार सुटली. चाक फरशीवर पडलं आणि गिरकी घेत सगळ्यांच्या मधोमध जाऊन थांबलं.

अमजदने बस डोळ्यांजवळ नेली. तुटलेला कान पाहिला. फिरवली. टपावरचा गुलाबी डाग पाहिला आणि बस मांडीवर ठेवली.

"माझ्या हातून पडली," फहमिदा पटकन म्हणाली. "झाडताना. इतक्या दिवसांत घरात लक्षच नव्हतं माझं. माफ करा."

अमजदच्या गळ्यातून एक आवाज निघाला. शब्द नव्हता, नुसता संताप होता. फहमिदाने त्याच्या दंडावर हात ठेवला तर त्याने तो झिडकारला. पुन्हा ठेवला, पुन्हा झिडकारला. जी बाई महिनाभर त्याच्या उशाशी बसली, जिने त्याला घास भरवला, त्याची घाण काढली, ती चार बायांसमोर मान खाली घालून उभी राहिली. आणि तोंडातून एक शब्द काढला नाही कुमारचं नाव घेणारा.

कुमारने ठरवलं होतं की काही झालं तरी कळू द्यायचं नाही. भाभीला तसा शब्द दिला होता. पण तिचं खाली गेलेलं डोकं त्याला बघवेना. आपलं पाप तिच्या डोक्यावर, आणि आपण खुर्चीत पाहुणा?

"अमजद, तिच्यावर नको कावू," तो म्हणाला. "मी मोडली."

"कुमारभाऊ!" फहमिदा म्हणाली.

"नाय भाभी, बोलू द्या. अमजद, बस माझ्याकडं होती. विचुंब्याला. आमी सगळे धरून चाललेलो की तू आता उठत नाहीस. भाभी तुझा शब्द पाळायला आली, ती तुझ्यासाठी आली. पण घेणारा मी होतो. मी नाय म्हणायला पाहिजे होतं. नाय म्हटलं तोंडानं, आणि घेतली." त्याने खाली पडलेलं चाक उचललं. "आज दसरा. मी तिची पूजा केली रे. माझी म्हणून. चाकाखाली लिंबू ठेवलं आणि मोडली. तू जिवंत असताना मी तुझी गाडी माझ्या चार्जमध्ये घेतली."

चुलीवरचं दूध उतू गेल्याचा वास आला, तरी कुणी उठलं नाही.

अमजद फहमिदाकडे वळला. खरं का, असं डोळ्यांनीच विचारलं. तिने मान हलवली, हो म्हणून, आणि रडायला लागली. त्याचा डावा हात चाचपडत पुढे आला आणि मघाशी झिडकारलेला तिचा हात त्याने पकडला. घट्ट पकडला. मग कुमारकडे मान वळवली. त्या नजरेपुढे कुमारला वाटलं, शिव्या घातल्या असत्या, थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

अमजदने फहमिदाचा हात सोडला, मांडीवरची मोडकी बस उचलली आणि छातीशी धरली. ओठांची एकच बाजू हलत होती. शब्द आत कुठेतरी अडकत होता, सुटत होता, पुन्हा अडकत होता. घामाने कपाळ डबडबलं. सगळं घर श्वास रोखून त्या ओठांकडे बघत होतं.

"तुला..." तो म्हणाला. थांबला. दम घेतला. "तुला... आता... नाय... देणार."

पुरतं वाक्य! झटका आल्यापासूनचं पहिलं. आणि डाव्या बाजूने, अर्ध्याच तोंडाने, तो लबाड हसला.

कुमार पलंगाशी खाली बसला आणि त्याच्या मांडीवर डोकं ठेवून हमसाहमशी रडला. रडता रडता हसला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, यांना झालंय तरी काय म्हणून.

"नको देऊस," तो म्हणत होता. "अजिबात नको देऊस रे! मेलास तरी नको देऊस."